तारेवरच्या फुल्या

माझ्या कानात कट् असा आवाज आला, तेव्हा दादा जिवंत होता का?

हे मी पुष्कळांना विचारलं. तारमास्तरांना विचारलं, अलिबागच्या साहेबांना विचारलं, इस्पितळातल्या कंपाउंडरलासुद्धा विचारलं. वीज पडली खाडीपलीकडे दिघीला. दादा होता अलीकडे, आगरदांड्याच्या खांबावर. मी मुरूडला टेलिफोन कानाला लावून बसलेला. तिघांच्या मधे तार, आगरदांड्यावरून पुढे खाडीपार दिघीला गेलेली. मग वीज दादाकडे आधी गेली की आवाज माझ्याकडे आधी आला? प्रत्येकानं दुसरंच काहीतरी काढलं. एकानं तर चहा मागवला.

दादाच्या बाराव्याला आमची गँग चौलला घरी आली. रडायला आलेली माणसं थोड्या वेळानं किस्से सांगत बसली. खांबांवर काम करणाऱ्यांचं असंच असतं. फळीवर डबे साठावेत तसे किस्से साठतात, प्रत्येक खांबाचा एक. काढायला गेलं की एकामागोमाग खाली येतात. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. काही मला माहीत होते, काही नव्हते.

हसू येत होतं, पण सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. अलिबाग ते आगरदांडा या नव्या लाइनीची तपासणी पावसाच्या आत व्हायची होती. लाइन नापास झाली, तर दुसरी गँग येऊन दादानं बांधलेल्या सगळ्या फुल्या कापणार होती. मूलबाळ झालं नव्हतं त्याला. त्या फुल्या तेवढ्या मागे राहिलेल्या.

फुली म्हणजे काय ते सांगतो. एका खांबावर तारांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीवर एक माणूस बोलतो, दुसरीवर दुसरा. पण तारा मैलोन् मैल शेजारी शेजारी गेल्या, की शेजाऱ्यांसारख्या वागतात. ह्या घरातलं त्या घरात जातं. म्हणून ठरावीक खांबांवर जोडीतल्या दोन तारांनी जागा बदलायची. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. मग अलीकडून जेवढं चोरून आलं, तेवढंच पलीकडून उलटं येतं आणि दोन्ही मिळून काही उरत नाही. असं दादानं मला सांगितलेलं. मला अर्धंच कळलं. जागा बदलताना तारांची फुली दिसते, म्हणून आम्ही फुली म्हणायचो. कागदावर तिला काहीतरी इंग्रजी नाव आहे.

*

पहिला किस्सा जुन्या लाइनीचा. तेव्हा मोठं वादळ झालं. खांब आडवे झाले, माडांच्या झावळ्या तारांत अडकल्या. आमची गँग पुरेना, म्हणून तळा गावाकडच्या डोंगरातली गँग मदतीला आली. माणसं कष्टाळू. पण त्यांच्याकडे खांबावर एकच जोडी असायची, त्यामुळे फुली त्यांनी जन्मात बघितली नव्हती. त्यांना वाटलं, वादळानं तारांना पीळ घातलाय.

त्यांनी रेवदंड्यापासून मुरूडपर्यंत एकूण एक फुली सोडवली. तारा सुतासारख्या सरळ केल्या. मग त्यांच्यातला म्हातारा आमच्या धोंडू मुकादमांना म्हणाला, "मुकादम, तुमच्या तारांमंदी लई गुंता झालता. समदा काढला. काय देऊ नका, निस्ता चा पाजा."

मुकादमांनी चहा पाजला. पाजताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं हसनचाचा सांगतो. हसनचाचा मुरूडचा, गँगमधला सगळ्यांत जुना. तो म्हणतो, "बुड्ढा घरी जाऊन बोलला असंल, काय मायाळू मुकादम हाय."

*

फुल्या नसलेल्या त्या तारा पावसाळाभर तशाच राहिल्या. उघडीप झाली की बघू, असं वरून उत्तर आलं.

त्या दिवसांत रेवदंड्याचा एक सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, व्यापारी मुंबईच्या कॉलची वाट बघत टेलिफोन धरून बसला होता. त्याच्या कानात शेजारच्या जोडीवरचं बोलणं आलं. अलिबागच्या इस्पितळातून मुरूडला निरोप चालला होता. नागू तांडेल गेला, घरी कळवा.

नागूचं गाव मधे, रेवदंड्याच्या अंगाला, पण तिथले निरोप मुरूडच्या कचेरीतूनच जायचे. मुरूडचा निरोप्या चिखलातून चालत यायचा होता. व्यापारी सायकलनं निघाला. नागूच्या बायकोला म्हणाला, "नवरा इस्पितळात हाय, खर्च लागंल. होडी माझ्या नावावर कर, मी बघतो." तिनं अंगठा दिला. तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं. निरोप्या दारात आला तेव्हा अंगठ्यावरची शाई गेली नव्हती.

पुढे दादा तिच्या घरामागचा खांब उभा करायला गेला, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या तारंनं त्याला आधी सांगितलं आन मला मागनं," ती म्हणाली. "का रं? नागू त्याचा कोन लागत व्हता?"

नंतर गँगमध्ये कुणी फुलीवरून थट्टा केली की दादा उठून जायचा.

*

दादा मुळात चौलच्या वाड्यांमध्ये नारळ पाडायचा. पायाला दोर बांधून माडावर असा जायचा, की खालच्या माणसाला विडी पेटवायला वेळ मिळायचा नाही. मुकादमांनी त्याला वाडीतच बघितला आणि विचारलं, "ज्याला झावळ्या न्हाईत असं झाड चढशील काय?" दादा म्हणाला, "पडायला नारळ नसतील तर बरंच हाय. खाली कुनाचं डोकं फुटायचं न्हाय."

मला त्यानंच गँगमध्ये घेतलं. माझं शाळेत लक्ष नव्हतं आणि हात कुणावरही उठायचा. दादा म्हणाला, "ह्याला दोर ओढायला ठेवा. हात गुंतलेले बरे."

नवी तांब्याची लाइन टाकायला सुरुवात झाली तेव्हाची गोष्ट. मुरूडच्या अलीकडच्या कोळीवाड्याजवळ आम्ही तार ताणून काठ्यांवर टेकवून ठेवली होती. खांबावर चढवायची बाकी. सकाळी बघतो तर तारेवर बोंबील. जबड्यात जबडा अडकवून, जोडी जोडीनं, कोळीवाडा संपेपर्यंत.

मुकादमांनी दादाला पाठवलं. तिथं एक म्हातारी टोपली घेऊन अजून बोंबील टाकतच होती.

"आजी, ही सरकारी तार हाय," दादा म्हणाला.

"मंग? सरकार काय सुकत घालतंय तिच्यावर?"

"उद्या साहेब बोलनार हाय तिच्यातनं."

"मंग उद्या काढू. आज त मोकलीच हाय."

दादा परत आला. मुकादमांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"उद्या काढते म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो. तिच्या बोलण्यात काय चूक हाय?"

त्या मिठानं तांब्याला चट्टे पडले. पुढे त्या टप्प्यात लाइनीवर खरखर आली, की मुकादम टेलिफोन माझ्या कानाला लावायचे. "ऐक, बोंबील बोलतायत."

*

फुल्या बरोबर बसल्या की नाहीत, हे बघायची आमची एक रीत होती. एका टोकाला एकानं पहिल्या जोडीवर बोलत राहायचं. दुसऱ्या टोकाला दुसऱ्यानं दुसऱ्या जोडीवर कान लावायचा. ऐकू आलं तर फुली कुठंतरी चुकलीय. काहीच ऐकू आलं नाही, तर काम पक्कं. बोलायला नेहमी दादा, ऐकायला मी.

मुकादम म्हणायचे, "बाळ्या, भाऊ ऐकू यायचा बंद झाला की सांग. मग जेवायला बसू."

दादाला गाणं येत नव्हतं. अभंग म्हणायला गेला तर दुसऱ्या ओळीत अडकायचा. म्हणून तो माशांची नावं घ्यायचा, बाजारात ओरडल्यासारखी. बोंबील, मांदेली, वाकटी, बांगडा, हलवा, आणि परत पहिल्यापासून.

एकदा मुरूडला मी दुसऱ्या जोडीवर कान लावून बसलो होतो. मासे स्पष्ट ऐकू येत होते. तेवढ्यात त्याच जोडीवर कचेरीतल्या कारकुनांनी टेलिफोन उचलला. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हलवा ताजा आहे का? असेल तर आमच्याकडे पाठवून द्या." मी घाबरून टेलिफोन खाली ठेवला. अर्ध्या तासात शिपाई पिशवी घेऊन हजर.

दादाला कळलं तेव्हा मला वाटलं हसेल. तो हसला नाही. बाजारात जाऊन त्यानं एक हलवा घेतला आणि कचेरीत पोचवला. म्हणाला, "त्याला ऐकू गेलं म्हंजे चूक आपली. त्याची कशाला?"

मग दोन दिवस खांब चढून त्यानं चुकलेली फुली शोधून काढली.

*

हा हसनचाचाचा किस्सा. चाचानं तो बाराव्याला सांगितला आणि सांगून झाल्यावर एकटाच अंगणात गेला.

खारा वारा सुटला की खांबावर तारा ज्यांना बांधतात त्या चिनी मातीच्या वाट्यांवर मीठ बसतं. हवा दमट झाली की तारेतली वीज त्या मिठावरून खांबात आणि खांबातून जमिनीत जाते. मग तारयंत्रातले ठिपके आणि रेघा एकमेकांत मिसळतात. पलीकडच्या मास्तरांना कुठं काय संपलं आणि कुठं काय सुरू झालं ते कळत नाही. त्यावर उपाय एकच. गोड्या पाण्यानं वाट्या धुवायच्या. आणि त्या धुवायच्या ऐन चैत्रात, विहिरी तळाला गेलेल्या असताना.

एका गावात चाचा आणि दादानं विहिरीच्या तळाशी होतं तेवढं पाणी घागरीत काढलं. एक बाई काठावर बसली होती, झऱ्याला पाणी येण्याची वाट बघत.

"मानसांना पानी न्हाय आन तुम्ही वाट्यांना आंगोल घालता," ती म्हणाली.

चाचा समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, वाट्या धुतल्या न्हाईत तर तुझ्या पोराची तार वेळेवर यायची न्हाय."

"माझा पोर मुंबईला गोदीत मेला. तार वेळेवरच आली व्हती."

दादानं चाचाच्या हातातली घागर घेतली, तिच्या कळशीत ओतली आणि चालू लागला. त्या गावच्या वाट्या त्या साली धुतल्या गेल्या नाहीत.

*

दादाचं लग्न वैशाखात झालं.

रेवदंड्याच्या तार ऑफिसातलं घड्याळ म्हणजे आसपासच्या गावांचं घड्याळ. रोज दुपारी चारला सगळ्या तारा गप्प व्हायच्या. मास्तर यंत्रावरून हात काढून बसायचे आणि वरून वेळेचा ठोका यायचा. ठोका वाजला की काटे लावायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी चावी द्यायची राहून ते घड्याळ बंद पडलं होतं. मास्तर काटे चारावर ठेवून ठोक्याची वाट बघत बसले. तेवढ्यात वाऱ्यानं चौलच्या वाडीतली एक झावळी तारेला टेकली. यंत्र वाजलं. मास्तरांनी घड्याळ सुरू केलं. पुढे खरा ठोका आला, तो त्यांनी झावळी समजून सोडून दिला.

भटजी त्या घड्याळाला आपलं घड्याळ लावून आले आणि दादाच्या डोक्यावर मुहूर्ताच्या आधीच अक्षता पडल्या. त्याच दिवशी चारला पुन्हा ठोका आला तेव्हा सगळ्या गावाला कळलं. भटजी म्हणाले, शांत करावी लागेल. दादा म्हणाला, "मुहूर्त लवकर आला तर आला. बायको आली ना?"

मुकादमांनी नवरदेवाला हळदीच्या अंगानं ती झावळी तोडायला चढवला. "तुझाच मुहूर्त, तूच तोड."

बाराव्याला हे बोलणं निघालं आणि आतल्या बायकांत कुजबूज झाली. एक मावशी जरा मोठ्यानं म्हणाली, "अवेळी अक्षता पडल्या. दुसरं काय व्हनार?"

वहिनी तेव्हापर्यंत कुणाशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "येळेवर पडल्या असत्या तर ईज थांबली असती काय? मंग भटजींना बसवा खांबावर."

*

त्या दिवसाचं चाचानं जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे.

सगळ्या फुल्या झाल्या होत्या. आगरदांड्याच्या जेट्टीच्या अलीकडचा एक खांब राहिला होता. आमच्या बाजूला ऊन होतं. खाडीपलीकडे दिघीच्या डोंगरावर ढग आलेला. फुली घालताना तार कापावी लागते, त्यामुळे दादाच्या दोन्ही हातांत तारेची टोकं. वीज आली तर जमिनीत जावी म्हणून जी तार लावतात, ती त्यानं लावली होती. चाचा तसं शपथेवर सांगतो.

चाचा खालून म्हणाला, "सखाराम, उतर. पलीकडं गडगडतंय."

"पलीकडचा पाऊस पलीकडं," दादा म्हणाला. "एवढी गाठ मारतो, मंग भाकर खाऊ."

मग पलीकडे वीज पडली. दादाचा पट्टा खांबाला होता, म्हणून तो पडला नाही. मान खाली घालून तसाच उभा राहिला. चाचाला वाटलं तो गाठच बघतोय. त्यानं खालून विचारलंसुद्धा, "अरे, झाली का न्हाय?"

मी तेव्हा मुरूडला, दुसऱ्या जोडीवर कान लावून. माझ्या कानात कट् झालं. मी शेजारी बसलेल्या मुकादमांना म्हणालो, "फुली लागली वाटतं."

"ऐक. आता शेजारच्या जोडीचं काय येतंय काय?"

मी कान घट्ट लावला. "न्हाय. कायच येत न्हाय."

"मग झालं," मुकादम म्हणाले. "चल, भाकर सोड."

आम्ही जेवलो.

*

पुढचं बाराव्याला कुणी काढलं नाही, कारण आई समोर बसली होती. तिनं मला शपथ घातली होती, की खांबावर चढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.

तो खांब तसाच अर्धवट होता. तारेची टोकं लोंबत होती. चाचा त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. मुकादम म्हणाले, तपासणीच्या आधी कुणीतरी करेल. पण करणार कोण? गँगमधले बाकीचे दोघे त्या खांबाच्या सावलीतून जायचं टाळायचे.

अस्थी गोळा करून आलो, त्याच दुपारी मी आगरदांड्याला गेलो. पट्टा नव्हता. पायाला दोर बांधला आणि माडावर चढतात तसा चढलो. मुकादमांना कुणीतरी सांगितलं. ते धावत आले.

"उतर रे गाढवा. तुला फुली येते तरी का?"

दादाला बांधताना खालून बघितलं होतं, तशी बांधली आणि उतरलो. मुकादमांनी एक थोबाडीत दिली. मग माझा दंड धरून ठेवला आणि वर बघितलं.

"डावी उजवीकडं गेली काय?"

"गेली असंल."

"असंल म्हंजे?"

"डोळ्यांत पाणी होतं, मुकादम. दोन्ही सारख्याच दिसत होत्या."

मुकादमांनी दुसऱ्या कुणाला वर पाठवलं नाही आणि स्वतःही चढले नाहीत. म्हणाले, "राहू दे. तपासणीत काय ते कळेल. तुझी चुकली असंल तर त्याच्याही जातील." मला तेव्हा कळलं, की एका गाठीवर दादाच्या सगळ्या गाठी टांगल्या आहेत.

*

तपासणीला मुंबईहून साहेब आले. ते अलिबागला दुसऱ्या जोडीवर कान लावून बसले. मुकादम त्यांच्या शेजारी, पहिल्या जोडीवर. बोलायचं आगरदांड्याहून. मी आणि चाचा जेट्टीजवळच्या खोलीत होतो. चाचानं टेलिफोन हातात घेतला, तोंड उघडलं आणि तो माझ्याकडे दिला.

मुकादमांचा आवाज आला. "कोण, बाळ्या? बरं. काय बी बोल, पण मोठ्यानं. थांबू नको. साहेब ऐकतायत. त्यांना ऐकू आलं की संपलं."

खिडकीतून खाडी दिसत होती. दिघीची होडी माणसं भरून अर्ध्यावर आली होती. मी तोंड उघडलं आणि "दादा" एवढंच आलं.

मग तेच ओरडलो. आधी हळू, मग किनाऱ्यावरून होडीला हाक मारतात तसं, पोट आत ओढून. जेट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. होडी हाकणारा तांडेल उभा राहिला. त्याला वाटलं, कुणी बुडतंय. चाचा भिंतीकडे तोंड करून बसला. मी थांबलो नाही. घसा फाटला तरी ओरडत राहिलो.

किती वेळानं कोण जाणे, मुकादमांचा आवाज आला. अगदी बारीक.

"बाळ्या, साहेब विचारतायत, मुलगा सुरू कधी करणार?"

मी विचारलं, "तुमाला येतंय ना ऐकू?"

"मला येतंय रे. सगळं येतंय."

मी श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली.